आवाज न झालेला फटाका

नर्मदेच्या खोऱ्यातील जबलपूर हे शहर दारूगोळ्याशी एका शतकाहून अधिक काळ परिचित आहे. १९०४ साली तेथे तोफांचे गाडे तयार करणारा सरकारी कारखाना निघाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, शहरालगतच्या खमरिया येथे दारूगोळ्याचा मोठा कारखाना उभा राहिला. या कारखान्यांत नोकरी केलेली कुटुंबे शहरात ठिकठिकाणी आढळतात. स्फोटक पदार्थ शिस्तीने कसे हाताळावेत याची जाण ज्या थोड्या भारतीय शहरांना घरबसल्या मिळाली आहे, त्यांत जबलपूरची गणना करावी लागेल.

असे असूनही २०२५ च्या दिवाळीत जबलपूरच्या नेत्रविभागांत भाजलेली, डोळे मिटून घेतलेली मुले दाखल होऊ लागली. हा प्रकार एकट्या जबलपूरचा नव्हता. भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर, विदिशा या मध्य प्रदेशातील इतर शहरांतही तेच घडत होते. वृत्तपत्रांनी दिलेल्या माहितीनुसार अवघ्या तीन दिवसांत राज्यात १२० हून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले व १४ मुलांची दृष्टी गेली. पुढील दिवसांत जखमींची संख्या वाढतच राहिली. या इजा कारखान्यात तयार झालेल्या नेहमीच्या फटाक्यांनी झालेल्या नव्हत्या. प्लॅस्टिकची नळी, स्वयंपाकघरात वापरतात तसला ठिणगीचा लायटर आणि कॅल्शियम कार्बाइडचे खडे एवढ्याच सामग्रीची ती ‘कार्बाइड गन’ होती. काही मुलांनी ती दीडशे-दोनशे रुपयांना रस्त्यावर विकत घेतली होती. काहींनी भ्रमणध्वनीवरील चित्रफिती पाहून घरीच जुळवली होती. शासनाने १८ ऑक्टोबर रोजी तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. परंतु तोवर नळ्या बाजारात पोहोचल्या होत्या.

या अपघातांची हकिकत डॉक्टरांनी नोंदविली, तेव्हा एक गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. अनेक मुलांना इजा झाली ती आवाज होत असताना नव्हे, तर आवाज न झाल्यामुळे. लायटर दाबला, काही घडले नाही. म्हणून काय बिघडले ते पाहण्यासाठी मुलाने नळीच्या तोंडाशी डोळा नेला, आणि त्याच क्षणी आतील वायूने पेट घेतला. हौशी दारूकामातील अपघातांचा विचार करताना हा क्षण मध्यवर्ती मानला पाहिजे. न उडालेला फटाका हा उडालेल्या फटाक्याहून अधिक धोक्याचा असतो. तो का, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या खड्यांकडे वळू.

चुन्यापासून चुन्यापर्यंत

कॅल्शियम कार्बाइड हा राखाडी रंगाचा, दगडासारखा पदार्थ होय. चुनखडी भाजून मिळालेला कळीचा चुना आणि दगडी कोळशापासून केलेला कोक ही दोन्ही विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सियसपर्यंत तापवली की तो तयार होतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीड्रिख व्होलर याने १८६२ साली कार्बाइडपासून ॲसिटिलीन वायू मिळतो हे दाखविले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९२ साली, टॉमस विल्सन हा विजेच्या भट्टीत ॲल्युमिनियम मिळविण्याची खटपट करीत असता त्याच्या हाती अनपेक्षितपणे कार्बाइड आले, आणि त्याचे कारखानी उत्पादन सुरू झाले. जबलपूरच्या वाचकाला यातील पहिला घटक तरी अपरिचित नाही. १९९८ पर्यंत जबलपूर जिल्ह्यातच मोडणारे कटनी हे गाव चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध आहे.

कार्बाइडवर पाणी पडताच दोन पदार्थ निर्माण होतात: ॲसिटिलीन वायू आणि विरलेला चुना. म्हणजे जो चुना भट्टीत गेला होता, तोच अखेरीस परत मिळतो. मधल्या वाटेत त्याने आपल्यासोबत एक ज्वालाग्राही वायू आणलेला असतो. एक किलोग्रॅम शुद्ध कार्बाइडपासून सुमारे ३५० लिटर, तर बाजारी कार्बाइडपासून सुमारे ३०० लिटर वायू निघतो. या क्रियेत उष्णताही बरीच बाहेर पडते. शुद्ध ॲसिटिलीनला फारसा वास नसतो. कार्बाइडच्या डब्याला लसणासारखा जो उग्र दर्प येतो, तो त्यातील फॉस्फरससारख्या अशुद्ध द्रव्यांमुळे.

या वायूचा उपयोग माणसाने पुष्कळ केला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सायकलींवर आणि खाणकामगारांच्या टोपीवर कार्बाइडचे दिवे असत. ऑक्सिजनबरोबर जाळल्यास ॲसिटिलीनची ज्योत ३००० अंश सेल्सियसच्या वर तापते. म्हणून लोखंड जोडण्याच्या व कापण्याच्या कामी तो आजही वापरतात. वेल्डिंगच्या दुकानांमुळेच कार्बाइड गावोगाव मिळते. फळे पिकविण्यासाठीही त्याचा उपयोग होत आला. तथापि भारतात त्या वापरास कायद्याने बंदी आहे. माकडे, रानडुकरे व पाखरे यांना पिटाळण्यासाठी शेतकऱ्यांनी कार्बाइडचा बार काढणाऱ्या नळ्या वापरल्या, आणि शेतातील तीच नळी पुढे दिवाळीच्या बाजारात खेळणे म्हणून आली.

एक वायू आणि त्याची तीन लक्षणे

ॲसिटिलीन हा इतर घरगुती वायूंसारखाच एक जळाऊ वायू आहे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाही. तीन बाबतींत तो वेगळा आहे.

पहिली बाब मिश्रणाच्या प्रमाणाची. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधील वायू हवेत साधारणपणे दोन ते साडेनऊ टक्के असला तरच पेट घेतो. त्याहून कमी किंवा अधिक असल्यास घेत नाही. ॲसिटिलीनची मर्यादा अडीच टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्याहूनही वर जाते. म्हणजे नळीत वायू थोडा असो वा पुष्कळ, तो पेटण्याची शक्यता राहतेच.

दुसरी बाब ठिणगीची. स्वयंपाकाचा वायू पेटविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे दहाव्या भागाएवढ्या ऊर्जेत ॲसिटिलीन पेटतो. हिवाळ्यात लोकरी अंगरखा काढताना जी बारीकशी चुटपुट ऐकू येते, तिच्यातील ऊर्जाही यासाठी आवश्यकतेहून अधिक ठरते. घासल्या गेलेल्या प्लॅस्टिकवरही असा विद्युत्‌भार साठतो, हे येथे ध्यानात ठेवावे.

तिसरी बाब ज्वाला पसरण्याच्या वेगाची. ॲसिटिलीन व हवा यांच्या मिश्रणातून ज्वाला स्वयंपाकाच्या वायूच्या मिश्रणापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने पुढे सरकते. अरुंद नळीत तिचा वेग आणखी वाढतो व दाब एकाएकी चढतो. पाण्यासाठी बनविलेली प्लॅस्टिकची नळी असा धक्का सोसण्यासाठी केलेली नसते. ती फुटली की तिच्या कडा काचेच्या तुकड्यांसारख्या उडतात.

या तिन्ही बाबी एकत्र केल्या म्हणजे ‘आवाज झाला नाही’ या घटनेचा अर्थ उलगडतो. नळीत पाणी पडल्यावर वायू एका क्षणात तयार होत नाही. खडा मोठा असेल, ओलावा कमी असेल, तर तो सावकाश निघत राहतो. पहिल्या ठिणगीच्या वेळी लायटरच्या टोकाशी वायू पुरेसा पोहोचलेला नसेल, किंवा ठिणगीच नीट पडली नसेल. त्यामुळे बार होत नाही. पण वायूची निर्मिती थांबत नाही. मुलगा नळी हलवितो, उलटी करतो, तोंडाशी डोळा लावतो, आणि तेवढ्या अवधीत मिश्रण पहिल्यापेक्षाही जोरदार झालेले असते. अशा वेळी हाताचा चाप पुन्हा दाबला जातो, किंवा एखादी क्षुल्लक ठिणगी पुरेशी होते. मुलाच्या मनात ‘खेळणे बिघडले’ हा निष्कर्ष पक्का होत असतो, नेमकी तेव्हाच नळी सर्वाधिक भरलेली असते.

नेहमीच्या फटाक्यातही हेच तत्त्व निराळ्या रूपाने आढळते. वात विझलेली दिसते. पण तिच्या गाभ्यात निखारा धुमसत असतो. भुईनळा पेटत नाही म्हणून त्यावर वाकून दुसऱ्यांदा काडी लावणारा, किंवा न फुटलेला सुतळी बॉम्ब हातात उचलून पाहणारा मुलगा आणि नळीत डोकावणारा मुलगा यांची चूक एकच आहे. त्यांनी शांततेचा अर्थ ‘संपले’ असा लावलेला असतो. खरा अर्थ ‘अजून व्हावयाचे आहे’ असा असू शकतो.

डोळ्यावर होणारा तिहेरी आघात

नळीच्या तोंडाशी असलेल्या डोळ्यावर एकाच क्षणी तीन आघात होतात. ज्वालेने पापण्या व डोळ्याचा पृष्ठभाग भाजतो. दाबाच्या लाटेने व उडालेल्या तुकड्यांनी डोळ्याला मार बसतो. आतील भागात रक्तस्राव होऊ शकतो, मोतीबिंदू उद्भवू शकतो, क्वचित डोळा फुटतोही. तिसरा आघात मात्र वरवर दिसत नाही, आणि तोच अनेकदा अधिक काळ टिकतो. नळीतील ओला चुना व न विरघळलेले कार्बाइडचे कण डोळ्यात घुसतात.

चुना हा अल्क पदार्थ आहे. आम्ल आणि अल्क यांनी होणाऱ्या इजांत एक महत्त्वाचा भेद असतो. सौम्य आम्ल डोळ्यात गेले तर पृष्ठभागावरील प्रथिने गोठतात व त्यांचा थर आम्लाला आत शिरण्यास काही प्रमाणात अटकाव करतो. अल्काचे तसे नाही. ते पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्यांचे साबणात रूपांतर करते, आणि त्या वाटेने खोलवर झिरपत जाते. बुबुळावरील जो पारदर्शक पडदा आपणास दृष्टी देतो, ते स्वच्छमंडल यामुळे दुधी काचेसारखे अपारदर्शक बनते. कार्बाइडच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. पापणीखाली अडकलेला कण अश्रूंच्या ओलाव्याने विरघळत राहतो आणि नवा चुना व नवी उष्णता निर्माण करीत राहतो. म्हणून अपघाताचा क्षण संपला तरी इजा चालूच असते.

स्वच्छमंडलाच्या कडेने एक अरुंद वलय असते. पृष्ठभागावरील झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी पुरविणाऱ्या मूळ पेशी तेथे वसतात. अल्काने हे वलय नष्ट झाले तर डोळ्याची स्वतःला दुरुस्त करण्याची शक्तीच जाते. शस्त्रवैद्य गर्भावरणाचा तुकडा डोळ्यावर बसवून पृष्ठभाग झाकतात, निरोगी डोळ्यातील मूळ पेशींचे रोपण करतात, पुढे स्वच्छमंडलही बदलतात. तथापि दोन्ही डोळ्यांना इजा असल्यास हे उपचार फार कठीण होतात व त्यांना वर्षे लागतात.

पानाच्या तबकातील चुना भारतीय घरांना नवा नाही. चुन्याची पुडी वा डबी खेळता खेळता दाबली जाऊन चुना डोळ्यात उडाल्यामुळे अंधत्व आलेली बालके आपल्या नेत्रवैद्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. कार्बाइडच्या नळीने त्याच चुन्याला बाराचा वेग आणि ज्वालेचा ताप जोडून दिला.

जाणत्यांचा नियम

ज्यांचा व्यवसायच स्फोटकांशी निगडित आहे, ते या शांततेकडे कसे पाहतात? खाणीत सुरुंग लावणारा कामगार सुरुंग उडाला नाही तर त्याच्याकडे धावत जात नाही. ठरलेला काळ लोटल्याखेरीज त्या जागी कोणालाही जाऊ देत नाहीत, आणि नंतरही जाणता माणूसच जातो. तोफेचा गोळा सुटला नाही तर तोफेचे तोंड सुरक्षित दिशेला ठेवून तोफखाना थांबतो. दारूगोळ्याच्या कारखान्यांत इमारती एकमेकींपासून दूर असतात व त्यांच्यामध्ये मातीचे उंच बांध घातलेले असतात. एका खोलीत मोजकाच माल व मोजकीच माणसे ठेवतात. आत काडेपेटी नेण्यास मज्जाव असतो. या प्रत्येक नियमामागे कोणाचा तरी अपघात उभा आहे. आणि नियम असूनही धोका शून्य होत नाही. खमरियाच्या कारखान्यात मार्च २०१७ मध्ये स्फोटांसह मोठी आग लागली होती, आणि ऑक्टोबर २०२४ मधील स्फोटात कामगारांचा बळी गेला. जेथे प्रशिक्षण, अंतर व देखरेख असूनही असे घडते, तेथे अंगणातील मुलाजवळ यांपैकी काहीच नसते हे ओळखावे.

ज्ञान असले म्हणजे अपघात टळतो असेही नाही. स्वीडनमधील गुस्ताव्ह डालेन या अभियंत्याने ॲसिटिलीनच्या ज्योतीवर चालणारे, दिवस उजाडताच आपोआप मालवणारे दीपस्तंभ तयार केले. दाबाखाली हा वायू हवेच्या साहाय्यावाचूनही स्फोट पावतो. म्हणून ॲसिटोन शोषून घेतलेल्या सच्छिद्र द्रव्यात तो साठविण्याची सुरक्षित पद्धतीही त्यानेच विकसित केली. त्या वेळी ॲसिटिलीनविषयी त्याच्याइतके जाणणारे फार थोडे असतील. १९१२ साली या वायूच्या टाक्यांची चाचणी घेत असता स्फोट झाला आणि डालेनची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकीचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ते स्वीकारण्यास तो जाऊ शकला नाही. त्याच्या वतीने त्याचा भाऊ अल्बिन गेला, आणि हा भाऊ नेत्रवैद्य होता. डालेनने पुढे १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत आपल्या उद्योगाची धुरा वाहिली. ज्या वायूपुढे त्याच्यासारखा तज्ज्ञ असुरक्षित ठरला, तो वायू खेळण्यात भरून विकला जावा, यातील विसंगती निराळी सांगावयास नको.

दारूकामाचा छंद जुना आहे

दारूकाम ही आपल्याकडे काही आजची हौस नव्हे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातील शोभेच्या दारूचा इतिहास जुन्या ग्रंथांतून शोधून काढला व १९५३ साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केला. ओडिशाचा राजा प्रतापरुद्रदेव याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या सोळाव्या शतकाच्या आसपासच्या संस्कृत ग्रंथात दारूकामाचे अनेक प्रकार व त्यांची द्रव्ये दिलेली आहेत, हे त्यांनी दाखविले. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तील विवाहसोहळ्यातही दारूकामाचे वर्णन येते. या परंपरेत दारू कुटणारा कारागीर वेगळा आणि ती पाहणारा रसिक वेगळा, अशी विभागणी होती. अपघातांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे.

ही विभागणी मोडून घरी रसायने मिसळण्याचा मोह अनेक तरुणांना होतो. शाळेत सोरा, गंधक व कोळसा ही नावे कानांवर पडलेली असतात. काडेपेटीच्या गुलातही दारूकामाची द्रव्ये आहेत हे माहीत असते. परंतु काही मिश्रणे केवळ घर्षणाने, दाबाने वा ओलाव्यातून आलेल्या अल्पशा आम्लानेही भडकतात. पोटॅशियम क्लोरेट व गंधक यांचे मिश्रण हे त्याचे ठळक उदाहरण होय. अनुभवी कारखान्यांतही या मिश्रणाने इतके अपघात केले की भारत सरकारने १९९२ साली फटाक्यांत ते वापरण्यास मनाई केली. स्फोटकांविषयीचा मूळ भारतीय कायदा १८८४ चा आहे. त्याखाली फटाके बनविण्यास परवाना लागतो. त्याच्या अंमलबजावणीची देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. कॅल्शियम कार्बाइडच्या साठवणीसाठी व वाहतुकीसाठी १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत. वेल्डिंगच्या दुकानातून सुट्या खड्यांची पुडी मुलाच्या हाती पडते, तेव्हा हे सर्व नियम एकाच वेळी ओलांडले जातात.

आवाजाची मर्यादाही अशीच निरुपयोगी ठरते. फटाका फुटल्यापासून चार मीटर अंतरावर त्याचा आवाज १२५ डेसिबेलपेक्षा अधिक नसावा, असे बंधन आहे. अंतर निम्मे झाले की आवाज सुमारे सहा डेसिबेलने वाढतो. नळी हातात धरणाऱ्याचा कान तिच्यापासून अर्ध्या मीटरवर असतो. म्हणजे चार मीटरवरच्या माणसाहून सुमारे अठरा डेसिबेल अधिक आवाज त्याच्या कानावर आदळतो. डोळा वाचला तरी कान वाचेलच असे नाही.

इतर देशांनी काय केले

अशा नळ्यांचा मोह इतर देशांतही दिसतो. फिलिपिन्समध्ये ‘बोगा’ नावाची तोफ नळीपासून बनवितात. तीत स्पिरिट जाळतात. तिच्यावर बंदी असूनही नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या इजांच्या सरकारी यादीत ती वारंवार आढळते. नेदरलँड्समध्ये वर्षाच्या अखेरीस दुधाच्या मोठ्या धातूच्या बरणीत कार्बाइड घालून बार काढण्याची ग्रामीण प्रथा आहे. तेथील अनेक नगरपालिकांनी तिला जागा, अंतर व वेळ यांची बंधने घातली आहेत, आणि बरणीचे धातूचे झाकण उडून माणसे जखमी होऊ नयेत म्हणून पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी चेंडू बसवितात. केवळ बंदीने हौस थांबत नाही, परंतु नियमाने तिची हानी कमी करता येते, हा या दोन उदाहरणांतून निघणारा बोध होय.

तिसरे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात रशियाचा स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. तळघरांतून धातूच्या नळ्यांत रसायने ठासून भरण्याचे प्रयोग होऊ लागले व त्यांत मुलांनी बोटे, डोळे, प्रसंगी प्राणही गमावले. नेब्रास्कातील नॉरफोक या गावी पादत्राणांचे दुकान चालविणारा ऑर्व्हिल कार्लाइल हा दारूकामाचा शौकीन होता. त्याने १९५४ साली कागदी नळीचा, हलका, छत्रीने परत उतरणारा छोटा अग्निबाण तयार केला होता. त्याचे इंजिनही कागदाचेच असे. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्रतळावर काम केलेला हॅरी स्टाइन याने त्या कल्पनेचे महत्त्व ओळखले, हौशी मंडळींची संघटना बांधली व सुरक्षिततेची संहिता घालून दिली. तिचा गाभा साधा होता: मुलाने रसायने कधीही मिसळू नयेत, कारखान्यात बनलेले इंजिनच वापरावे, बाणात धातूचे भाग नसावेत, बाण काडीने नव्हे, तर लांब तारेतून वीज सोडून दुरूनच पेटवावा, आणि पेटला नाही तर वीज तोडून, थांबून, मगच जवळ जावे.

या संहितेत मुलांची हौस मोडलेली नाही. उंची मोजणे, भार व दाब यांचा हिशेब करणे, छत्री वेळेवर उघडेल अशी योजना करणे हे सारे बुद्धीचे काम मुलांकडेच राहिले. फक्त रसायनांचे मिश्रण त्यांच्या हातून काढून घेतले गेले, आणि न पेटलेल्या बाणाजवळ जाण्यापूर्वी थांबण्याची सवय लावली गेली.

अपघात झाल्यास

चुना किंवा कार्बाइड डोळ्यात गेल्यास पहिल्या काही मिनिटांत घरच्या माणसांनी केलेले काम पुष्कळदा पुढील उपचारांइतकेच निर्णायक ठरते. चेहऱ्यावर सुके खडे वा भुकटी असेल तर ती कोरड्या स्वच्छ कापडाने हलकेच झटकावी आणि लगेच डोळा स्वच्छ पाण्याने धुण्यास आरंभ करावा. पाण्याची धार भरपूर व अखंड असावी. ती निदान पंधरा मिनिटे, शक्य तर अर्धा तास चालू ठेवावी. मुलाला डोळा उघडा ठेवणे कठीण जाते, म्हणून दुसऱ्याने पापण्या हळुवारपणे विलग धराव्यात. एकाच डोळ्याला इजा असेल तर तो डोळा खालच्या बाजूस करावा, म्हणजे धुतलेले पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. डोळा चोळू नये. अल्काला उतारा म्हणून लिंबाचा रस अथवा व्हिनेगर कदापि घालू नये. दूध, तूप, मध, गुलाबपाणी, काजळ यांचाही उपयोग नसतो. डोळ्यात तुकडा रुतलेला असेल किंवा डोळा फुटल्याची शंका असेल, तर तो उपटू नये व डोळ्यावर दाब देऊ नये. भाजलेल्या त्वचेवर वीस मिनिटे वाहते गार पाणी धरावे. शाई, हळद वा दंतमंजन लावू नये. धुऊन झाल्यावर वेळ न दवडता नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वाहनासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते. दुखणे कमी झाले म्हणून इजा किरकोळ आहे असे मानू नये. अल्काच्या तीव्र इजेत डोळा लाल न होता पांढराफटक दिसू शकतो, आणि हे लक्षण चांगले नसून वाईट आहे. तेथील रक्तवाहिन्याच नष्ट झाल्याचे ते चिन्ह असते.

अपघात होऊच नये यासाठी पाळावयाचे नियम थोडेच आहेत. कार्बाइडची नळी घरी आणू नये व कोणी चालवीत असल्यास जवळ उभे राहू नये. फटाके परवानाधारक दुकानातूनच घ्यावेत. ते फोडून आतील दारू गोळा करू नये, डब्यात वा बाटलीत कोंडून उडवू नयेत. पेटविताना चेहरा फटाक्याच्या वर येऊ देऊ नये. पाण्याची बादली जवळ असावी. आणि पेटला नाही तर त्याला पुन्हा हात लावू नये. पुष्कळ वेळ थांबून मोठ्या माणसाने दुरून त्यावर पाणी ओतावे, आणि मगच तो टाकून द्यावा. कार्बाइडला मात्र हा शेवटचा नियम लागू करू नये, कारण पाण्याने ते शांत होत नाही, चेतते. नळी सापडल्यास ती तशीच ठेवून मोठ्यांना वा अग्निशामक दलाला कळवावे.

शाळेत हा विषय समजावून देण्यास कार्बाइडचा खडा लागत नाही. शिक्षकांनी गाळण-कागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवाव्यात आणि संरक्षक चष्मा लावून त्यांवर चुन्याच्या निवळीचा एक थेंब टाकावा. पिवळी पट्टी क्षणात लाल होते. हळदीपासून कुंकू करताना चुना का लागतो हे मुलांना त्यातून कळेल. आणि चुन्याच्या ज्या एका थेंबाने कागदाचा रंग पालटतो, तोच चुना डोळ्याच्या नाजूक पडद्याला काय करीत असेल, हेही त्यांना विचारता येईल. दिवाळीच्या सुटीपूर्वीच्या एखाद्या तासाला हा प्रयोग करावा, आणि तो झाल्यावर मुलांकडून एकच वाक्य वहीत लिहवून घ्यावे: आवाज झाला नाही, तर जवळ जायचे नाही.